जर्मनीत एका दिवसाची ट्रिप काढताय? या चुका टाळा

उन्हाळ्यात पुण्याहून आई-बाबा येतात, नाशिकहून सासू-सासरे येतात, मुलांनी ऑफिसातून कशीबशी चार दिवसांची रजा काढलेली असते आणि त्या चार दिवसांत राजवाडा, तलाव, डोंगर, म्युझियम सगळं बसवायचं असतं. यातले बरेच दिवस फुकट जातात आणि कारणं अगदी साधी असतात, वार बघितला नाही, तिकिटावरची वेळ बघितली नाही, कुठली ट्रेन चालते ते बघितलं नाही. इथे प्रत्येक गोष्टीची वेळ ठरलेली असते आणि ती कुणासाठी मागेपुढे होत नाही, हे धरून प्लॅन केलात तर खरंच खूप छान फिरणं होतं, आणि तसं व्हावं असं मला मनापासून वाटतं म्हणून हे लिहितेय. मी म्युनिकला राहते त्यामुळे उदाहरणं बायर्नची, म्हणजे बव्हेरिया राज्याची, जास्त आहेत.

नॉयश्वानस्टाइनला सकाळी ११ चा स्लॉट

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो म्हणून आधी हेच. राजा लुडविग दुसरा याने १८६९ मध्ये हा राजवाडा बांधायला घेतला, १८८६ मध्ये तो गेला आणि काही आठवड्यांतच राजवाडा लोकांना बघायला खुला झाला, तेव्हापासून गर्दी आहे, त्यात २०२५ मध्ये लुडविगचे राजवाडे युनेस्कोच्या यादीत गेले. आत आपल्या मनाने फिरता येत नाही, साधारण अर्ध्या तासाची टूर असते आणि तिकिटावर तिची वेळ छापलेली असते. ती वेळ चुकली की तिकीट वाया.

चूक कशी होते बघा. सकाळी गर्दी कमी असेल म्हणून ऑनलाइन ११ चा स्लॉट घेतात आणि प्रवासाला स्वस्त पडतं म्हणून बायर्न तिकीट (राज्यातल्या रीजनल गाड्यांचं एका दिवसाचं तिकीट) घेतात. पण बायर्न तिकीट सोमवार ते शुक्रवार सकाळी ९ नंतरच चालतं! ९ नंतरची ट्रेन पकडली तर फ्युसेनला पोचायला दोन तास, तिथून होहेनश्वांगाऊ गावात जायला बस, त्या बसला रांग, मग गावातून वर राजवाड्यापर्यंत चढाचा रस्ता, चालत ३० ते ४० मिनिटं. म्हणजे दारात पोचेपर्यंत एक वाजतो. त्यामुळे वीकडेला बायर्न तिकिटावर जाणार असाल तर दुपारी २ च्या पुढचा स्लॉट घ्या, मध्ये गावात बसून डबा खाता येतो आणि कुणाची धावपळ होत नाही. शनिवार-रविवारी ९ ची अट नसते. डॉइचलँड तिकीट (देशभरातल्या रीजनल गाड्यांचा महिन्याचा पास) असेल तर कुठल्याच दिवशी नसते.

गावात पोचलो म्हणजे झालं असं समजणं ही दुसरी चूक. घोडागाडी मिळते पण ती दारापर्यंत जात नाही, शेवटचा चढ चालावाच लागतो. शटल बस वर मारिएनब्रुके नावाच्या पुलाजवळ सोडते आणि तिथून १०-१५ मिनिटं उतरत राजवाड्याकडे यायचं, तो उतारही चांगलाच आहे, आणि बर्फ पडलेला असेल तर बस बंद, बऱ्याचदा पूलही बंद. आत परत दीडशेच्या वर पायऱ्या चढायच्या आणि तेवढ्याच उतरायच्या. गुडघ्यांचा त्रास असलेल्या माणसाला हे आधी सांगा, तिथे नेऊन सांगू नका. बाबागाडी आणि मोठी सॅक आत नेता येत नाही, फोटो काढू देत नाहीत.

माझं मत विचाराल तर आतल्या टूरपेक्षा बाहेरचं दृश्य जास्त मोलाचं आहे. राजाच्या हयातीत फार थोड्या खोल्या पूर्ण झाल्या होत्या, त्यामुळे आतलं बघणं पटकन संपतं, आणि मारिएनब्रुकेवरून जो राजवाडा दिसतो त्याला एक सेंटही लागत नाही. तिकीट मिळालं नाही म्हणून ट्रिप रद्द करू नका. पुलावर जा, खाली आल्पझे तलावाच्या काठाने फिरा, दिवस मस्त जातो. आणि आतली सजावटच बघायची हौस असेल तर लिंडरहोफला जा, लुडविगच्या मोठ्या राजवाड्यांपैकी तो एकच त्याच्या डोळ्यांदेखत पूर्ण झाला, लहान आहे, शांत आहे, बाग सुंदर आहे. ओबरआमरगाऊहून बस जाते, फक्त परतीच्या बसची वेळ आधी बघून ठेवा कारण त्या फार नसतात.

स्वस्त तिकिटावर महागडी ट्रेन

बायर्न तिकीट असो की डॉइचलँड तिकीट, दोन्ही फक्त रीजनल गाड्यांना चालतात. बोर्डवर गाडीच्या नंबराआधी आरई, आरबी किंवा एस असेल तर बसा, आयसीई, आयसी, ईसी असेल तर बसू नका. म्युनिकहून साल्झबुर्गला जाताना हे हमखास होतं, बीआरबी कंपनीची रीजनल गाडी बायर्न तिकिटावर थेट साल्झबुर्गपर्यंत जाते, पण त्याच मार्गावर रेलजेट ही लांब पल्ल्याची गाडीही असते, ती जास्त झकपक दिसते आणि लोक तिच्यात चढतात. विनातिकीटचा दंड ६० युरो आहे आणि टुरिस्ट आहोत, माहीत नव्हतं हे सांगून तो माफ होत नाही. बायर्न तिकिटावर पाच जणांपर्यंत जाता येतं पण सगळ्यांची नावं लिहायची असतात, तेही गाडीत बसायच्या आधी.

साल्झबुर्ग ऑस्ट्रियात आहे, तर पासपोर्ट बरोबर घ्या. शेंगेन आहे म्हणून कुणी विचारत नाही हे आता खरं नाही, परत येताना गाडीत पोलीस चढतात आणि मोबाइलमधला पासपोर्टचा फोटो त्यांना चालत नाही.

डॉइचलँड तिकीट २०२३ मध्ये ४९ युरोला सुरू झालं होतं, २०२६ पासून ते महिन्याला ६३ युरो आहे. पाहुणे तीन आठवडे राहून बरंच फिरणार असतील तर फायद्याचं पडतं. पण हे सबस्क्रिप्शन आहे, महिन्याच्या १० तारखेच्या आत कॅन्सल केलं नाही तर पुढच्या महिन्याचे पैसेही कापले जातात, म्हणून घेतानाच मोबाइलमध्ये रिमाइंडर लावा. शिवाय ते एका माणसाचं असतं, पाच जणांना पाच लागतात. दोन दिवसच फिरायचंय आणि चार-पाच जण आहात, तर बायर्न तिकीटच बरं.

म्युनिकमधल्या शहरी तिकिटाचं पण एक सांगते. एम झोनचं तिकीट डाखाऊला पुरत नाही, तिथे एम-१ लागतं, आणि एअरपोर्ट तर ५ नंबरच्या झोनमध्ये आहे. कागदी तिकीट असेल आणि त्यावर वेळेचा शिक्का आधीच नसेल तर गाडीत चढण्याआधी छोट्या मशीनमध्ये घालून शिक्का मारायचा. स्टेशनवर गेट नसतं, आत कुणी अडवत नाही, आणि टीसी साध्या कपड्यात असतात.

आणखी एक, ज्याने मोठमोठी माणसं रडकुंडीला येतात. काही गाड्या अर्ध्या वाटेत तुटतात, म्हणजे पुढचे डबे एका गावाला आणि मागचे दुसऱ्या. म्युनिकहून टेगर्नझेला जाणारी बीआरबीची गाडी होल्झकिर्शेनला आणि परत शाफ्टलाखला तुटते, एक भाग बायरिशझेल, एक लेंगग्रीस, एक टेगर्नझे. गर्दीत जो डबा मिळेल त्यात बसलात तर आई टेगर्नझेला आणि तुम्ही लेंगग्रीसला असं होऊ शकतं. डब्याच्या दारावर बाहेरून गावाचं नाव लिहिलेलं असतं, ते वाचूनच चढा. आणि या गाड्या बहुतेक म्युनिक मुख्य स्टेशनच्या बाजूच्या भागातून सुटतात, २७ ते ३६ नंबरच्या प्लॅटफॉर्मवरून, तिथपर्यंत सामान आणि म्हातारी माणसं घेऊन चालायला चांगली सात-आठ मिनिटं धरा.

रविवार, सोमवार आणि सुट्ट्या

रविवारी दुकानं बंद. मॉल, सुपरमार्केट, कपड्यांची दुकानं सगळं बंद, मोठ्या स्टेशनमधली काही दुकानं आणि थोडा वेळ बेकऱ्या एवढंच उघडं असतं. त्यामुळे "रविवारी सिटी बघू आणि शॉपिंग करू" हा प्लॅन मुळातच होत नाही. रविवार निसर्गाला आणि म्युझियमला ठेवा, म्युनिकमध्ये आल्टे पिनाकोटेक आणि मॉडर्न पिनाकोटेकचं तिकीट रविवारी फक्त १ युरो असतं, ही सोय खूप जणांना माहीतच नसते. दूध, ब्रेड, भाजी शनिवारी संध्याकाळी आठच्या आत आणून ठेवा.

सोमवारी उलटं, दुकानं चालू आणि म्युझियम बंद. श्टुटगार्टचं मर्सिडीज म्युझियम सोमवारी बंद, पोर्शचंही बंद, म्युनिकचं बीएमडब्ल्यू म्युझियमही बंद. पुणे-चाकणच्या गाड्यांच्या कंपन्यांतून कामानिमित्त येणारी आपली मंडळी खूप असतात, शनिवार-रविवार मिटिंगच्या तयारीत जातो आणि सोमवारचा मोकळा अर्धा दिवस म्युझियमला ठेवतात, नेमका तोच चुकतो. सोमवारच असेल तर म्युनिकमध्ये डॉइचेस म्युझियम उघडं असतं, विज्ञान-तंत्रज्ञानाचं इतकं मोठं आहे की अर्ध्या दिवसात एखाद-दोन विभागच बघून होतात, मुलं बरोबर असतील तर माझ्या मते तेच पहिलं निवडावं.

सुट्ट्या प्रत्येक राज्यात वेगळ्या असतात. १ नोव्हेंबरला बायर्नमध्ये सुट्टी असते, बर्लिनमध्ये नसते. जिथे जाताय त्या राज्याचं कॅलेंडर बघा, जिथे राहताय तिथलं नाही.

नाताळची मार्केट्स आणि ऑक्टोबरफेस्ट

हे वाचून कुणाचं तरी विमानाचं तिकीट वाया जायचं वाचावं. भारतातून रजा काढताना लोक २४-२५ डिसेंबर ते १ जानेवारी अशी काढतात आणि ख्रिसमस मार्केट बघायला येतात. पण मार्केट नाताळच्या आधीचं असतं! न्युर्नबेर्गचं प्रसिद्ध मार्केट पहिल्या अ‍ॅडव्हेंटच्या (नाताळआधीच्या चौथ्या रविवारच्या) आधीच्या शुक्रवारी सुरू होतं आणि २४ डिसेंबरला दुपारी संपतं, म्युनिकच्या मारिएनप्लाट्झचंही २४ लाच संपतं, आणि ड्रेस्डेनचं, जे १४३४ पासून भरतंय, तेही २४ ला उठतं. २४ च्या दुपारपासून २६ पर्यंत शहर चिडीचूप असतं, बरीच रेस्टॉरंटसुद्धा बंद. म्हणून डिसेंबरचे पहिले तीन आठवडे पकडा, त्यातही मंगळवार-बुधवारची संध्याकाळ. रजा बदलता येतच नसेल तर बर्लिनला जा, तिथली काही मार्केट्स नाताळनंतरही चालू असतात. पेयाच्या कपाचं डिपॉझिट घेतात, कप परत दिला की पैसे परत. मुलांसाठी आणि न पिणाऱ्यांसाठी किंडरपुन्श मागा, तो बिनदारूचा असतो.

ऑक्टोबरफेस्ट, म्हणजे म्युनिकचा बीअरचा उत्सव, मुख्यतः सप्टेंबरमध्ये असतो. २०२६ मध्ये १९ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर. मधल्या ऑक्टोबरात येऊन काही उपयोग नाही. आत जायला तिकीट लागत नाही, त्यामुळे एंट्री तिकीट म्हणून कुणी काही विकत असेल तर घेऊ नका. २० बाय १५ बाय १० सेंटिमीटरपेक्षा मोठी बॅग आत नेता येत नाही.

डोंगर आणि तलाव

क्योनिग्झे तलावाला जाणार असाल तर तो एकच प्लॅन ठेवा त्या दिवशी. म्युनिकहून रीजनल ट्रेनने बेर्ख्टेसगाडेन, पुढे बस, म्हणजे एका बाजूचे साधारण तीन तास. कित्येक जण त्याच दिवसात केलश्टाइनहाउस हे जवळच्या डोंगरावरचं घरही जोडतात आणि दोन्हीकडे फक्त रांगेत उभे राहतात. तलावावर १९०९ पासून इलेक्ट्रिक बोटी चालतात, आवाज नाही, धूर नाही, मध्ये बोट थांबवून ट्रम्पेट वाजवतात आणि कड्यावरून प्रतिध्वनी येतो, ते ऐकताना पूर्ण बोट गप्प होते. आता चूक, लोक पहिल्या थांब्यावर, सेंट बार्थोलोमेला, उतरून तिथूनच परत फिरतात. उन्हाळ्यात बोट पुढे सालेटपर्यंत जाते, तिथून १५ मिनिटांवर ओबरझे हा छोटा तलाव आहे आणि मला विचाराल तर सगळ्यात सुंदर जागा तीच. म्हणून सकाळच्या बोटीने आधी थेट सालेट गाठा आणि बार्थोलोमे परतीच्या वाटेवर करा. शेवटच्या बोटीची वेळ धक्क्यावर लिहिलेली असते, तिचा फोटो काढून घ्या, पण शेवटच्या बोटीवर अवलंबून राहू नका, संध्याकाळी रांग लांब होते आणि सालेटहून परत यायला रस्ता नाही.

त्सुगश्पिट्झ, २९६२ मीटर, जर्मनीतलं सगळ्यात उंच शिखर. तिकीट महाग आहे, आणि ढगात असाल तर वर फक्त पांढरं दिसतं. सकाळी निघण्याआधी शिखरावरचा वेबकॅम बघा, खाली गार्मिशला ऊन आहे याचा वरच्या हवेशी काही संबंध नसतो. त्यामुळे दोन दिवस मोकळे ठेवून जो स्वच्छ निघेल तो पकडायचा, आणि धुकंच असेल तर खालीच आइब्झे तलावाला चक्कर मारायची, साधारण साडेसात किलोमीटर, बऱ्यापैकी सपाट. जुलैतही वर स्वेटर लागतो. श्वासाचा किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारून मगच वर जावं, केबल कार दहा मिनिटांत दोन हजार मीटर चढवते, शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही.

ब्लॅक फॉरेस्टला रात्री मुक्काम करत असाल तर हॉटेलवाल्याकडे कोनुस गेस्ट कार्ड आवर्जून मागा. बऱ्याच गावांत ते पाहुण्यांना मिळतं आणि त्यावर त्या भागातल्या बस आणि रीजनल ट्रेन फुकट असतात.

डाखाऊ

याबद्दल वेगळं लिहायला हवं. डाखाऊची नाझींची छळछावणी मार्च १९३३ मध्ये सुरू झाली, २९ एप्रिल १९४५ ला अमेरिकन सैन्याने ती मुक्त केली, मधल्या काळात दोन लाखांहून जास्त माणसं तिथे आणि तिच्या उपछावण्यांत डांबली गेली आणि ४१ हजारांहून जास्त मेली. म्युनिकहून एस-२ लोकल आणि पुढे ७२६ नंबरची बस, प्रवेश फुकट, सोमवारीही उघडं. सोपं आहे म्हणून लोक "सकाळी डाखाऊ, दुपारी बीअर गार्डन" असं बसवतात आणि गेटसमोर हसत ग्रुप फोटो काढतात. कृपा करून असं करू नका. तिथे आजही ज्यांचे आजोबा-पणजोबा गेले ती माणसं येतात. निदान तीन-चार तास द्या, ऑडिओ गाइड घ्या, आणि १२ वर्षांच्या आतल्या मुलांना नेऊ नका, तिथल्या लोकांचीही तीच सूचना आहे. घरातल्या एका मोठ्याने मुलांना घेऊन डाखाऊ गावातला जुना राजवाडा आणि बाग बघायला जावं, बाकीच्यांनी स्मारक बघावं, असं छान जमतं.

बायर्नच्या बाहेर, थोडक्यात

बर्लिनचं पेर्गामोन म्युझियम ऑक्टोबर २०२३ पासून दुरुस्तीसाठी पूर्ण बंद आहे, पेर्गामोनची वेदी असलेला भाग २०२७ मध्ये उघडायचं ठरलंय आणि इश्तार गेटवाला भाग २०३७ मध्ये. जुन्या यादीत नाव बघून जाऊ नका, शेजारच्या नॉयेस म्युझियममध्ये नेफरतितीचा पुतळा आहे, तिकडे जा. राइशटागचा काचेचा घुमट फुकट आहे पण आधी ऑनलाइन नाव नोंदवावं लागतं आणि दारात पासपोर्ट बघतात.

हॅम्बुर्गचं मिनिआटुर वुंडरलँड, म्हणजे छोट्या रेल्वे-मॉडेल्सचं प्रदर्शन, मुलांना वेड लावतं, पण सुट्टीच्या दिवशी तिकीट न काढता गेलात तर दोन-तीन तास थांबावं लागू शकतं. बंदर बघायला महागडी सफर घेण्याआधी लांडुंग्सब्रुकेनहून ६२ नंबरची फेरीबोट बघा, ती शहराच्या साध्या तिकिटावर चालते.

कोलोनच्या कॅथेड्रलच्या मनोऱ्याला ५३३ पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही. मोझेलजवळचा बुर्ग एल्ट्स किल्ला हिवाळ्यात बंद असतो, एप्रिल ते ऑक्टोबर धरा.

खाणं-पिणं

शाकाहारी आई-बाबांना मेन्यू वाचून दाखवताना नीट विचारा. दक्षिणेकडचा बटाट्याचा सलाड बऱ्याचदा मांसाच्या पाण्यात केलेला असतो, मसुरीच्या सूपमध्ये सॉसेजचे तुकडे असतात, फ्लामकुखनवर बेकन असतं, माउल्टाशनमध्ये आत खिमा असतो. केझश्पेट्झले (चीज घातलेल्या नूडल्स) चालतं पण त्यात अंडं असतं आणि अंडं इथे शाकाहारीच धरतात. कडक पाळणाऱ्यांसाठी ब्रेझेल, चीज, फळं आणि घरचा डबा.

डबा काढायला लाजू नका. बायर्नच्या पारंपरिक बीअर गार्डनमध्ये स्वतःचं खाणं आणायची परवानगीच आहे, फक्त प्यायचं तिथूनच घ्यायचं आणि टेबलक्लॉथ नसलेल्या, सेल्फ सर्व्हिसच्या टेबलावर बसायचं. थालीपीठ, दशम्या, चटणी, वर लिंबू सरबतासारखं काहीतरी घेतलं की जेवण झालं, शेजारच्या टेबलावरचे लोक उत्सुकतेने विचारतात काय आहे म्हणून, त्यांनाही द्या.

हॉटेलात पाणी फुकट मिळत नाही, बाटली घरून भरून आणा, नळाचं पाणी उत्तम आहे. विकतच्या प्लास्टिक बाटलीवर २५ सेंट डिपॉझिट असतं, बाटली चेपू नका, मशीन घेत नाही. टॉयलेटसाठी सुटी नाणी ठेवा. डोंगरातल्या छोट्या खानावळींमध्ये आणि छोट्या कॅफेत कार्ड चालेलच असं नाही, ५०-६० युरो रोख असू द्या.

बिघडलंच तर

लांब पल्ल्याची गाडी लेट होणं इथे नेहमीचं आहे, २०२४ मध्ये डॉइचे बान या रेल्वे कंपनीच्या अशा गाड्यांपैकी जेमतेम ६२ टक्के वेळेवर होत्या. तेव्हा एका ठरावीक गाडीचं स्वस्त तिकीट असेल आणि पोचायला २० मिनिटांहून जास्त उशीर होणार असं दिसत असेल तर दुसऱ्या गाडीने जाता येतं, वेगळे पैसे पडत नाहीत. एक तास उशीर झाला तर तिकिटाचे २५ टक्के, दोन तास झाला तर ५० टक्के परत मिळतात, अ‍ॅपमधूनच अर्ज करता येतो, घरी जाऊन विसरू नका. मात्र रीजनल गाडी रद्द झाली म्हणून बायर्न तिकिटावर आयसीईत चढू नका, ते चालत नाही.

बोर्डवर एसईव्ही दिसलं तर ट्रेनऐवजी बस आहे. ती बऱ्याचदा स्टेशनच्या बाहेर थोड्या अंतरावरून सुटते, पाट्या बघत जा आणि वेळ दीडपट धरा. स्लॉटवालं तिकीट असेल अशा दिवशी आदल्या रात्री अ‍ॅपमध्ये तुमचा मार्ग परत एकदा टाकून बघा, दुरुस्तीची कामं तिथे दिसतात, आणि मग शक्य असेल तर एक गाडी आधीची पकडा.

राजवाड्याचा स्लॉट चुकला तर तिकीट सेंटरवर जाऊन शांतपणे विचारा, कधीकधी त्या दिवसाची जागा शिल्लक असते, नवीन तिकिटाचे पैसे भरावे लागतात. ती नसेल तर वर सांगितलेला पूल आणि तलाव आहेच. आणि बायर्न तिकीट दुसऱ्या दिवशी पहाटे ३ पर्यंत चालतं, त्यामुळे परतीची घाई करू नका, पण छोट्या गावातली शेवटची बस संध्याकाळी सहा-सातलाच जाते, ती वेळ सकाळी उतरल्या उतरल्या स्टॉपवर बघून ठेवा.